पहिली पेशी कोणी केली?

जीवशास्त्राच्या एका तासाला नैसर्गिक निवडीचे प्रकरण संपवून मी फळा पुसत होते, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “बाई, हे सगळं पटलं, पण मग पहिली पेशी कोणी केली? ती तरी देवानंच केली असणार ना?” मी तिला पुन्हा नैसर्गिक निवडच समजावून सांगितली, जरा अधिक जोर देऊन. ती खाली बसली, पण तिचे समाधान झाले नव्हते आणि होण्यासारखेही नव्हते, कारण तिने विचारले एक होते आणि मी उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचे दिले होते. त्या तासाला आता बरीच वर्षे झाली. उत्क्रांती खरी की ईश्वरी निर्मिती, हा वाद त्यानंतर मी अनेकदा ऐकला आणि माझ्या हातून झालेली तीच चूक दोन्ही बाजूंकडून होताना पाहिली. मी स्वतः ईश्वर मानते, आणि जीवसृष्टीच्या विविधतेचे खरे स्पष्टीकरण उत्क्रांती हेच आहे याबद्दल मला शंका नाही. त्या मुलीला काय सांगायला हवे होते, ते एकदा नीट लिहून काढावे असे फार दिवस मनात होते.

‘जीवसृष्टीचा उगम’ असे आपण एका दमात म्हणतो, पण त्यात दोन वेगळे प्रश्न आहेत. निर्जीव रसायनांतून पहिला सजीव कसा आला, हा एक. आणि त्या पहिल्या सजीवापासून शेवाळ, वटवाघूळ, गहू आणि माणूस इथपर्यंतची विविधता कशी आली, हा दुसरा. उत्क्रांतीचा सिद्धान्त दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो. नैसर्गिक निवड सुरू व्हायची तर स्वतःची प्रत काढणारे, प्रत काढताना अधूनमधून चुकणारे आणि त्या चुका पुढच्या पिढीकडे सोपवणारे असे काहीतरी आधी अस्तित्वात असावे लागते. तेच नसेल तर निवड कशातून व्हायची?

डार्विनला हे पक्के ठाऊक होते. 1859 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथाच्या नावात जातींचा उगम आहे, जीवनाचा नाही. ग्रंथाच्या अखेरच्या वाक्यात त्याने एवढेच लिहिले की आरंभी काही थोड्या रूपांत, किंवा एकाच रूपात, प्राण फुंकला गेला. कोणी फुंकला, याचा उल्लेख तिथे नव्हता. 1860च्या जानेवारीत दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा त्या वाक्यात ‘निर्मात्याने’ हा शब्द आला आणि पुढच्या आवृत्त्यांतही तो राहिला. 1863 साली आपला मित्र, वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर, याला लिहिलेल्या पत्रात मात्र डार्विनने मोकळेपणाने कबूल केले की निर्मितीचा बायबलमधला शब्द आपण लोकमतापुढे झुकून वापरला आणि त्याचा आपल्याला पस्तावा होतो. आपल्याला म्हणायचे होते ते इतकेच, की जीवन एखाद्या सर्वस्वी अज्ञात प्रक्रियेने प्रकट झाले. जीवनाच्या उगमाचा विचार आज करण्यात काही अर्थ नाही, असेही त्याच पत्रात आहे. त्या एका शब्दाची ही हकिकत मला फार महत्त्वाची वाटते. जिथे ‘अज्ञात’ असे लिहायला हवे होते तिथे डार्विनसारख्या माणसाने भिडेपोटी ईश्वराचे नाव लिहिले, आणि असे लिहिणे बरोबर नव्हते हे त्यालाच आधी उमगले.

आधी दुसरा प्रश्न घेते, कारण त्याचे उत्तर हाती आहे.

माणसाच्या पेशीत 46 गुणसूत्रे, म्हणजे डीएनएचे गुंडाळलेले धागे, असतात. चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान यांच्या पेशीत 48. आपण आणि ते एकाच पूर्वजाचे वंशज असू, तर या तफावतीचा हिशेब लागायलाच हवा. गुणसूत्रांची एक अख्खी जोडी हरवून कोणताही जीव तगला नसता, इतकी जनुके तिच्यासोबत गेली असती. तेव्हा शक्यता उरते ती एकच, की पूर्वजाची दोन गुणसूत्रे कधीतरी एकमेकांना जोडली जाऊन त्यांचे एक झाले; आणि तसे झाले असेल तर त्या जोडाची खूण आजही दिसली पाहिजे. ती दिसते. गुणसूत्राच्या टोकांवर टोपणासारखा एक ठरावीक मजकूर असतो, टीटीएजीजीजी ही सहा अक्षरे पुन्हा पुन्हा. माणसाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात हाच मजकूर टोकापासून दूर, पार आतल्या भागात सापडतो. तिथे तो काही अंतर एका दिशेने जातो आणि मग एकाएकी उलटा होतो, जणू दोन दोऱ्यांची टोके समोरासमोर आणून शिवली आहेत. ही शिवण 1991 साली अक्षराअक्षराने वाचली गेली. शिवाय प्रत्येक गुणसूत्राला एकच गुणसूत्रबिंदू लागतो (पेशी दुभागताना गुणसूत्र जिथून ओढले जाते ती जागा), पण याच्यात चालू बिंदूखेरीज दुसऱ्या, निकामी झालेल्या बिंदूचेही अवशेष आहेत. त्या शिवणीच्या अलीकडची जनुके चिंपांझीच्या एका गुणसूत्रावर आणि पलीकडची दुसऱ्या गुणसूत्रावर, जवळपास त्याच क्रमाने, मांडलेली आढळतात.

माणूस स्वतंत्रपणे घडवला गेला असे मानणारा यावर म्हणू शकतो की ईश्वराची तशी इच्छा होती. हे म्हणणे खोडून काढता येत नाही हे खरे. पण माणसाची गुणसूत्रे 44 असती, 48 असती, शिवण असती किंवा नसती, तरी हेच वाक्य तितक्याच सहजपणे म्हणता आले असते. जे म्हणणे प्रत्येक परिस्थितीला सारखेच लागू पडते, ते कोणत्याही परिस्थितीचा उलगडा करत नाही. उत्क्रांतीचे तसे नाही. शिवण सापडली नसती तर तो सिद्धान्त गंभीर अडचणीत आला असता.

क जीवनसत्त्वाचेही असेच आहे. बहुतेक सस्तन प्राणी ते स्वतःच्या शरीरात तयार करतात. आपल्याला ते आहारातून घ्यावे लागते, कारण त्यासाठी लागणाऱ्या शेवटच्या विकराचे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाचे, जनुक आपल्यात मोडलेल्या अवस्थेत आहे. मोडलेले आहे, पण आहे. वानरांत आणि आपल्यात ते एकाच मोडतोडीचा वारसा दाखवते. गिनीपिगलाही क जीवनसत्त्व तयार करता येत नाही, पण त्याचे जनुक वेगळ्या प्रकारे मोडलेले आहे. दोन उत्तरपत्रिकांत बरोबर उत्तरे सारखी असली तर कोणी संशय घेत नाही. चुका शब्दाशब्दाने सारख्या असल्या की एकच मूळ प्रत असल्याचे कळते. मी आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासल्या आहेत, त्यामुळे हा पुरावा मला इतर कोणत्याही पुराव्यापेक्षा लवकर पटला.

उत्क्रांती भूतकाळात घडली, ती कोणी पाहिली, असा प्रश्न पुष्कळदा येतो. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेन्स्की यांनी 1988च्या फेब्रुवारीत एकाच जिवाणूपासून बारा वसाहती सुरू केल्या आणि त्यांना रोज ताज्या द्रवात हलवण्याचा क्रम चालू ठेवला. त्या द्रवात ग्लुकोज अगदी थोडे असे आणि सायट्रेट भरपूर; पण ई. कोलाय हा जिवाणू हवेतील ऑक्सिजनच्या सान्निध्यात सायट्रेट खाऊ शकत नाही. जवळपास 31,500 पिढ्यांनंतर बारांपैकी एका वसाहतीने ते खायला सुरुवात केली. यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग यापुढचा आहे. लेन्स्की दर 500 पिढ्यांनी प्रत्येक वसाहतीचा नमुना गोठवून ठेवत असत. जुने नमुने पुन्हा जिवंत करून त्यांनी तोच इतिहास पुन्हा पुन्हा चालवून पाहिला, तेव्हा ही क्षमता पुन्हा उपजली ती फक्त सुमारे 20,000 पिढ्यांनंतरच्या नमुन्यांतून. म्हणजे मधल्या काळात काही बदल मुकाट्याने जमले होते, ज्यांच्याशिवाय शेवटचा बदल उपयोगी पडला नसता. 2008 साली हे प्रसिद्ध झाले.

‘हे सगळे योगायोगाने झाले म्हणता?’ या आक्षेपालाही इथेच उत्तर मिळते. उत्परिवर्तने, म्हणजे प्रत काढतानाच्या त्या चुका, गरज पाहून होत नाहीत, या अर्थाने ती यादृच्छिक असतात. त्यांतले काय टिकावे हे मात्र यादृच्छिक नसते. ते परिस्थिती ठरवते आणि जे टिकते त्यावर पुढचे रचले जाते. भंगाराच्या ढिगावरून वादळ गेले आणि विमान तयार झाले, हा दृष्टान्त लोकप्रिय असला तरी त्यात ना पिढ्या आहेत, ना वारसा, ना निवड. विल्यम पेली या धर्मोपदेशकाने 1802 साली दिलेला घड्याळाचा दाखला याहून पुष्कळ विचारपूर्वक दिलेला होता: माळावर घड्याळ सापडले तर कारागीर असणारच, मग डोळ्याला का नसावा? पण घड्याळाला पिल्ले होत नाहीत. डोळे असणाऱ्यांना होतात, आणि ती आईबापांसारखी असूनही थोडी वेगळी असतात. पेलीच्या युक्तिवादात नेमकी हीच गोष्ट निसटली आहे.

डोळ्यापाशी जरा थांबते, कारण त्याची परीक्षा ज्याची त्याला घेता येते. कोऱ्या कागदावर डावीकडे एक फुली काढावी आणि तिच्या उजवीकडे आठ सेंटिमीटरवर एक ठळक ठिपका. डावा डोळा मिटून उजव्या डोळ्याने फुलीवर नजर खिळवावी आणि कागद हाताच्या अंतरावरून सावकाश जवळ आणावा. साधारण 30 सेंटिमीटरवर ठिपका नाहीसा होतो. त्या जागी भोक दिसत नाही की काळा डाग दिसत नाही; कोरा कागदच दिसतो, कारण मेंदू आजूबाजूचे पाहून ती जागा भरून काढतो. आपल्या दृष्टिपटलात प्रकाश ओळखणाऱ्या पेशी मागच्या बाजूला आहेत आणि त्यांच्याकडून निघणारे चेतातंतू पुढच्या बाजूला, प्रकाशाच्या वाटेत. हे तंतू एकत्र होऊन मेंदूकडे जायचे तर त्यांना दृष्टिपटल भेदूनच मागे जावे लागते, आणि जिथे ते भेदतात तिथे पाहणाऱ्या पेशी नाहीत. हाच अंधबिंदू. ऑक्टोपसच्या डोळ्याची ठेवण उलट आहे. त्याचे तंतू मागूनच निघतात आणि त्याला अंधबिंदू नाही. आपल्या दृष्टिपटलाचे समर्थन करणारे सांगतात की त्यातल्या म्युलर पेशी प्रकाश आतपर्यंत नेणाऱ्या नळ्यांसारखे काम करतात, आणि 2007 सालच्या संशोधनाने तसे दाखवलेही आहे. ते मला मान्य आहे. पण ती तर मिळालेल्या मांडणीतून वाट काढल्याची खूण झाली. पृष्ठवंशी प्राण्यांचे दृष्टिपटल गर्भात मेंदूच्याच बाहेर आलेल्या घडीतून बनते, त्यामुळे ते तसे उलटे बसते. एकदा ही वाट धरल्यावर मागे जाऊन पुन्हा पहिल्यापासून आखणी करण्याची सोय उत्क्रांतीत नसते. कारागिराला ती असते.

आता त्या मुलीचा प्रश्न.

पृथ्वीचे वय सुमारे 454 कोटी वर्षे आहे आणि सजीवांच्या खुणा सुमारे 350 कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत आढळतात. मधल्या काळात कधीतरी रसायनांचे जीवन झाले. इथे पाश्चरचे नाव हमखास पुढे केले जाते: त्याने 1860च्या सुमारास हंसाच्या मानेसारख्या वाकड्या नळीच्या चंबूत उकळलेला रस्सा ठेवून दाखवून दिले की सजीव हा सजीवापासूनच होतो, मग निर्जीवापासून तो कसा झाला म्हणता? पाश्चरने सिद्ध केले ते असे, की आजच्या परिस्थितीत, काही दिवसांत, निर्जंतुक रश्शात तयार जिवाणू आपोआप उपजत नाहीत. ऑक्सिजन नसलेल्या वातावरणात, ज्वालामुखी आणि सागरतळावरच्या उष्ण झऱ्यांच्या सान्निध्यात, कोट्यवधी वर्षांत काय होऊ शकते याची परीक्षा त्याने घेतलेली नव्हती आणि घेतल्याचा दावाही केलेला नव्हता.

अलेक्सांदर ओपारिन यांनी 1924 साली आणि जे. बी. एस. हाल्डेन यांनी 1929 साली, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, असे सुचवले की आदिम वातावरणात सेंद्रिय रेणू आपोआप तयार होऊन साठत गेले असावेत. स्टॅन्ली मिलर या विद्यार्थ्याने हॅरॉल्ड युरी यांच्या प्रयोगशाळेत पाण्याची वाफ, मिथेन, अमोनिया आणि हायड्रोजन काचेच्या बंद उपकरणात फिरवून त्यात विजेच्या ठिणग्या पाडल्या. काही दिवसांत पाण्याचा रंग बदलला आणि त्यात ग्लायसीनसारखी अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे घटक, सापडली. 1953 साली हे प्रसिद्ध झाले. आदिम वातावरणात मिथेन आणि अमोनिया तितके नसावेत, असे पुढे ठरले आणि प्रयोगाचे महत्त्व थोडे उतरले. पण 1969 साली ऑस्ट्रेलियात मर्चिसन येथे पडलेल्या उल्केत डझनावारी अमिनो आम्ले मिळाली. ज्या खडकाला जीवनाचा स्पर्श झालेला नव्हता, त्यात जीवनाच्या विटा तयार होत्या.

विटा म्हणजे घर नव्हे. आजच्या पेशीत डीएनए प्रथिने कशी बांधायची ते सांगतो आणि त्या डीएनएची प्रत काढायला पुन्हा प्रथिनेच लागतात. मग आधी कोण? ही कोंडी फोडणारा धागा आरएनए या डीएनएच्या जवळच्या नातलग रेणूने दिला. आरएनए हा मजकूर वाहून नेतो हे ठाऊक होते. तो विकरासारखे कामही करतो हे टॉमस चेक आणि सिडनी ऑल्टमन यांनी दाखवले, त्याबद्दल त्यांना 1989चे नोबेल मिळाले. एकच रेणू मजकूरही सांभाळतो आणि कामही करतो, तर आरंभी तो एकटाच पुरला असेल. त्यानंतर 2000 साली रायबोसोमची बारीक रचना उलगडली. रायबोसोम म्हणजे पेशीतला प्रथिने विणणारा माग. जिवाणूपासून माणसापर्यंत जवळजवळ प्रत्येक पेशीत तो आहे. अमिनो आम्लांना एकमेकांशी जोडण्याचे नेमके काम तिथे ज्या जागी होते, त्या जागेच्या आसपास प्रथिन नाही, सगळा आरएनए आहे. प्रथिने बाहेरच्या बाजूने टेकू दिल्यासारखी लागलेली आहेत. पहिल्यांदा ती आकृती पाहिली तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मिटू शकले नाही. प्रथिनांच्या आधीच्या जगाचा अवशेष आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत अजून काम करतो आहे आणि आपण आत्ता जिवंत आहोत ते त्याच्या जोरावर.

एवढे असूनही साखळी पूर्ण झालेली नाही. 2009 साली जॉन सदरलँड यांच्या गटाने आरएनएच्या चारपैकी दोन घटकांकडे जाणारी, आदिम पृथ्वीवर शक्य कोटीतली वाटेल अशी रासायनिक वाट दाखवली. पण कोणाच्याही मदतीवाचून स्वतःची संपूर्ण प्रत काढत राहणारा आरएनए प्रयोगशाळेत अद्याप तयार झालेला नाही. सुरुवात सागरतळाच्या झऱ्यांपाशी झाली की जमिनीवरच्या सुकणाऱ्या-भरणाऱ्या डबक्यांत, यावर जाणकारांत खरा मतभेद आहे. उत्क्रांतीची बाजू मांडताना हे सांगायला लोक कचरतात, जणू कबूल केले तर दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही ढासळेल. ते ढासळत नाही. नदीचा उगम सापडलेला नसला तरी ती कोणत्या गावांवरून वाहत आली हे सांगता येते.

मग उगमाच्या त्या अज्ञात जागी ईश्वराला का बसवू नये? मी ईश्वर मानते, म्हणूनच मला हे फार जपून बोलावेसे वाटते. न्यूटन श्रद्धाळू होता. ग्रह एकमेकांना ओढतात, त्यामुळे त्यांच्या कक्षा हळूहळू बिघडत जातील आणि त्या वेळोवेळी सावराव्या लागतील, असे त्याचे मत होते, आणि ते सावरणे त्याने ईश्वराकडे सोपवले. पुढे 1780च्या दशकात लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने गणिताने दाखवले की गुरू आणि शनी यांच्या गतीत दिसणारा बिघाड हा दीर्घ काळाने आपोआप फिरून येणारा फेरा आहे. ईश्वराकडे दिलेले काम गणिताने काढून घेतले. यात न्यूटनच्या भौतिकशास्त्राचे काही बिघडले नाही. ईश्वराची मात्र उगाच पीछेहाट झाल्यासारखे झाले, आणि ती त्याच्या भक्ताने ओढवून घेतली होती. पहिल्या पेशीच्या ठिकाणी ईश्वराला उभे करणारे तेच करत आहेत. उद्या एखाद्या प्रयोगशाळेत आरएनए स्वतःची प्रत काढू लागला तर त्यांच्या श्रद्धेने कुठे जायचे? जिवाणूच्या शेपटीची रचना इतकी गुंतागुंतीची आहे की ती आखल्याशिवाय होणार नाही, असा युक्तिवाद अमेरिकेत, डोव्हर गावच्या शाळांत काय शिकवावे यावरच्या खटल्यात झाला. 2005 साली न्यायालयाने तो विज्ञान म्हणून नाकारला. मला त्यात विज्ञानाच्या विजयापेक्षा श्रद्धेची नामुष्की जास्त जाणवली.

उत्क्रांतीच्या अभ्यासकांत श्रद्धावान पुष्कळ झाले. आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मेंडेल मठात राहणारा संन्यासी होता. उत्क्रांतीच्या प्रकाशाखेरीज जीवशास्त्रातले काहीच उलगडत नाही असे 1973 साली लिहिणारे थिओडोसियस डोब्झान्स्की ख्रिस्ती श्रद्धा बाळगून होते, आणि उत्क्रांती ही आता केवळ कल्पना राहिलेली नाही असे पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1996 साली जाहीरपणे म्हटले. यांपैकी कोणी ईश्वराला गुणसूत्रे जोडणारा कारागीर मानलेले दिसत नाही. रसायनांनी नियमाने वागावे आणि त्या वागण्यातून अखेर स्वतःच्या उगमाविषयी विचारणारा जीव निघावा, असे हे विश्व मुळात का आहे, हा प्रश्न उत्क्रांतीच्या आधीचा आहे आणि कोणत्याही चंबूत घालून तो तपासता येत नाही. माझी श्रद्धा त्या प्रश्नाशी आहे. ती सिद्ध करता येते असा माझा दावा नाही, आणि जीवशास्त्राच्या तासाला तिला पुरावा म्हणून वापरण्याचा मला अधिकारही नाही.

तो तास पुन्हा मिळाला तर फळा पुसणे मी तिथेच थांबवीन. त्या मुलीला सांगेन की तुझा प्रश्न या प्रकरणातला नाही, पुढच्या प्रकरणातला आहे, आणि ते प्रकरण अजून लिहिले जात आहे. मग उरलेल्या जागेत मिलरचे उपकरण काढीन: खाली पाण्याचा चंबू, वर वायूंचा गोळा, त्यात समोरासमोर दोन तारा आणि पुन्हा खाली येणारी थंड नळी. तिच्या शेजारी रायबोसोमची आकृती काढून आतला आरएनए रंगीत खडूने भरीन आणि तिला विचारीन की यातून त्यापर्यंत जायला मध्ये काय काय लागेल असे तुला वाटते.